एक न्या, दोन आणा : होमब्र्यू क्लब, कागदी टेप आणि हौशी लोकांची नीती

बिनतारी

पुतण्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यानं परवा जेवताना विचारलं की काका, बिल गेट्सनं १९७६ साली हौशी कॉम्प्युटरवाल्यांना चोर म्हटलं होतं ते बरोबर की चूक? मी अर्धा तास बोललो पण नीट सांगता आलं नाही, एकातून दुसरं निघत गेलं आणि भात गार झाला. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, जुनी मंडळी आहेत तर भर घाला, चुकलं तर सांगा.

आधी मशीन काय होतं ते बघू. जानेवारी १९७५ च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर छापून आला. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कची एमआयटीएस म्हणून छोटी कंपनी, एड रॉबर्ट्स मालक, कॅल्क्युलेटरच्या धंद्यात मार खाऊन कर्जात बुडालेली. किटची किंमत ३९७ डॉलर. आत इंटेलची ८०८० चिप आणि मेमरी २५६ बाइट, म्हणजे रोमन लिपीतली तीन-चार वाक्यं मावतील एवढी. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, समोर नुसते खटके आणि लाल दिवे. एका बाइटसाठी आठ खटके वरखाली करायचे, मग तो मेमरीत टाकायचा खटका, मग पुढचा बाइट. एक खटका चुकला तर प्रोग्रॅम बिघडला, वीज गेली तर सगळंच गेलं. आणि हे सुद्धा सुट्टे पार्ट सोल्डर करून आपणच उभं करायचं.

आता असं मशीन घरी आल्यावर माणूस काय करेल? शेजारी कोणाकडे ऑसिलोस्कोप आहे का बघेल, कोणाला ८०८० चे इन्स्ट्रक्शन पाठ आहेत का विचारेल, कोणाकडे टेलिटाइप, म्हणजे टाइप करायचं आणि कागदावर छापणारं यंत्र, आहे त्याच्या दारात जाऊन उभा राहील. माझं म्हणणं असं आहे की ही देवाणघेवाण आधी गरज म्हणून सुरू झाली, तत्त्वबित्त्व नंतर आलं. एकट्याला जमण्यासारखं ते नव्हतंच.

गॉर्डन फ्रेंच आणि फ्रेड मूर या दोघांनी मिळून पत्रक लावलं की तुम्ही स्वतःचा कॉम्प्युटर बांधताय का, असाल तर या. बुधवार ५ मार्च १९७५, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला फ्रेंचच्या गॅरेजमध्ये, बाहेर पाऊस, आणि ३२ जण आले. हाच होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब. फ्रेड मूरबद्दल मला फार आदर आहे आणि त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. हा इंजिनिअर नव्हता. १९५९ मध्ये बर्कलीला कॉलेजात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध पायऱ्यांवर उपोषणाला बसलेला पोरगा, आयुष्यभर शांततेच्या चळवळीत. पहिल्याच बैठकीत त्यानं वही काढून यादी केली, कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय पाहिजे. क्लबचं पत्रकही त्यानंच सुरू केलं. त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर हे माणसांनी एकमेकांना धरून राहण्याचं निमित्त होतं.

पुढे गर्दी वाढली तशी बैठक स्टॅनफर्डच्या लिनिअर ॲक्सेलरेटर या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या सभागृहात जायला लागली. क्लबातला इंजिनिअर ली फेल्सेन्स्टाइन हातात लांब काठी घेऊन सूत्रसंचालन करायचा. पहिला भाग म्हणजे एकेकानं उठून बोलायचं, माझ्याकडे हे आहे, मला हे अडलंय, मी असं असं ऐकलंय. दुसरा भाग म्हणजे सभा मोडायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं त्याला गाठायचं. अडलेलं माणूस आणि येत असलेलं माणूस समोरासमोर आणायची इतकी साधी सोय मी दुसरीकडे बघितली नाही.

क्लबातल्या स्टीव्ह डॉम्पिअरचं उदाहरण घ्या. त्याच्या लक्षात आलं की अल्टेअरच्या शेजारी रेडिओ ठेवला तर प्रोग्रॅम चालताना रेडिओत खरखर येते आणि प्रोग्रॅमप्रमाणे ती बदलते. मग कुठल्या खरखरीतून कुठला सूर निघतो ते शोधत बसला आणि एप्रिल १९७५ च्या बैठकीत खटके मारून मारून प्रोग्रॅम भरला आणि रेडिओतून बीटल्सचं गाणं वाजवलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, कारण तोपर्यंत त्या डब्यानं काही केलंय असं कोणी पाहिलंच नव्हतं. आणि हे कसं केलं ते त्यानं छापून टाकलं, ज्याला पाहिजे त्यानं करावं. पुढे ॲपल काढणाऱ्या स्टीव्ह वोझ्नियाकचंही तसंच, नोकरी एचपी कंपनीत, आणि घरी बनवलेल्या मशीनचा, जो पुढे ॲपल वन झाला, त्याचा सर्किट डायग्राम झेरॉक्स काढून क्लबात वाटायचा आणि कोणाला जमलं नाही तर घरी जाऊन बोर्ड जोडून द्यायचा.

आता टेपचं प्रकरण. गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टे डेव्हिडॉफ यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिलं, म्हणजे बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा त्यावर चालवणारं सॉफ्टवेअर. बेसिक नसेल तर खटके, असेल तर माणसासारखं टाइप करून काम, एवढा फरक. क्लबातल्या कित्येकांनी पैसे आगाऊ भरलेले आणि माल येत नव्हता. जून १९७५ मध्ये पालो आल्टोच्या रिकीज हयात हाउस हॉटेलमध्ये एमआयटीएसनं प्रात्यक्षिक ठेवलं, तिथून बेसिकची कागदी टेप, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम साठवलेली पट्टी, गायब झाली. ती क्लबातल्या डॅन सोकोलकडे पोचली, त्यानं रातोरात नकला काढल्या आणि पुढच्या बैठकीला खोकं भरून आणल्या. अट एकच, एक नेली तर पुढच्या वेळी दोन आणायच्या. आपल्याकडे सावकार दामदुप्पट घ्यायचा, इथे दामदुप्पट क्लबात परत.

३ फेब्रुवारी १९७६ तारखेचं गेट्सचं उघडं पत्र, वय २० वर्षं. म्हणाला तुमच्यातले बहुतेक सॉफ्टवेअर चोरता, अल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, आम्ही वापरलेल्या कॉम्प्युटरच्या वेळेचंच मोल ४०,००० डॉलरच्या वर जातं आणि हिशोब केला तर आम्हाला तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. हार्डवेअरला पैसे मोजता मग सॉफ्टवेअर वाटून घ्यायचं असं का?

माझं मत पुढे लिहितोच, आधी तुम्ही बोला.

ओंकार९४

छान लिहिलंय काका पण मला यात दोन बाजू दिसतच नाहीत. तीन जणांनी महिनोन् महिने खपून काम केलं, बाकीच्यांनी टेप ढापली. अट घातली म्हणून चोरी पवित्र होत नाही. मी स्वतः ॲप बनवतो, क्रॅक करून टेलिग्रामवर टाकणारे पण हेच म्हणतात, शेअरिंग इज केअरिंग. राग येतो.

बिनतारी

ओंकार, टेपबाबत मी तुझ्याच बाजूला आहे. सोकोलनं वाटलं ते त्याचं नव्हतं. पण बघ, डॉम्पिअरनं वाटलं ते त्याचं स्वतःचं होतं, वोझ्नियाकनं वाटलं ते त्याचं स्वतःचं होतं. आपलं देणं आणि दुसऱ्याचं देणं या दोन गोष्टी लोक एकाच पिशवीत घालतात, मग एक बाजू सगळ्यांनाच चोर म्हणते आणि दुसरी सगळ्यांनाच संत. क्लबाची नीती पत्राच्या जवळजवळ वर्षभर आधीपासून चालू होती, टेप हा त्यातला एक प्रसंग, आणि पत्रामुळे तोच लक्षात राहिला.

किमतीचंही सांगायला हवं. बेसिक एमआयटीएसच्या मेमरी बोर्डासोबत घेतलं तर स्वस्तात, नुसतं घेतलं तर ५०० डॉलर, म्हणजे मशीनच्या किटपेक्षा महाग! आणि तो मेमरी बोर्ड धड चालत नव्हता, लोक प्रोसेसर टेक्नॉलॉजी या दुसऱ्या कंपनीचे बोर्ड घेत होते. म्हणजे बिघडलेला बोर्ड खपावा म्हणून बेसिकचा भाव तसा बांधलेला. यानं नकला काढणं बरोबर ठरत नाही, पण लोक का चिडले ते कळतं. आणि मूळ बेसिक भाषा १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बनवली ती सगळ्या शाखांच्या पोरांना कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून, तेही विसरू नये.

खरं उत्तर क्लबवाल्यांनी काम करून दिलं आणि ते पत्राच्या आधीच सुरू झालेलं होतं. मेन्लो पार्कलाच पीपल्स कॉम्प्युटर कंपनी होती, बॉब अल्ब्रेक्टची, नाव कंपनी पण काम पोरांना कॉम्प्युटर शिकवायचं. त्यांच्या पत्रकाच्या अंकात डेनिस ॲलिसननं छोट्या बेसिकचा आराखडा छापला, टायनी बेसिक, आणि म्हटलं की आता तुम्हीच लिहा. टेक्सासमधल्या टायलर गावच्या दोघांनी, डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड, लिहून पाठवलं. लोक कोड पाठवायला लागले, चुका कळवायला लागले, म्हणून जानेवारी १९७६ पासून डॉक्टर डॉब्ज जर्नल हे मासिकच सुरू झालं, जिम वॉरन संपादक. टॉम पिटमननं मोटोरोलाच्या ६८०० चिपसाठी स्वतःचं टायनी बेसिक लिहून पाच डॉलरला विकलं आणि लोकांनी पैसे भरून घेतलं. ली-चेन वांगनं पालो आल्टो टायनी बेसिकच्या कोडवर लिहिलं, कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड. नेहमीच्या 'सर्व हक्क राखीव' ची उलटी चाल केली त्यानं. कॉपीलेफ्ट हा शब्द पुढे रिचर्ड स्टॉलमनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीनं जगभर नेला, पण १९७६ च्या त्या छापील कोडमध्ये तो आहे.

अण्णा_सांगली

बिनतारीसाहेब, मी या विषयावर कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

१९९१ ते ९८ मी पतसंस्थांसाठी हिशोबाचा प्रोग्रॅम विकत होतो, आधी डीबेस मग फॉक्सप्रो या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला, ठेवी, कर्ज, पिग्मी सगळं. चौदा संस्थांना विकला. स्वतः जाऊन बसवायचो, क्लार्कला शिकवायचो, एसटीनं जायचं यायचं. १९९९ च्या दिवाळीनंतर फोन सुरू झाले, साल दोन आकड्यात होतं ना, २००० आलं की व्याज कसं निघणार. फोन चौदा यायला पाहिजे होते. तीसच्या वर आले. मी नाव विचारायचो, तर ते गावच माझ्या यादीत नाही. एकानं तर स्वच्छ सांगितलं की अमक्या संस्थेतून फ्लॉपी आणली, तुमचा नंबर प्रोग्रॅमच्या पहिल्या स्क्रीनवर आहे म्हणून फोन केला.

रात्री झोप लागली नाही. बायको म्हणाली तुम्ही जाऊ नका. मी गेलो. कारण पासबुक ज्यांचं होतं त्यांनी काही चोरलं नव्हतं, त्यात भाजीवाल्या होत्या, हमाल होते, रोज दहा रुपये भरणारे. सगळीकडे जाऊन दुरुस्त करून दिलं. काही संस्थांनी पैसे दिले, काहींनी चहा दिला. एका संस्थेच्या सचिवानं मागच्या सगळ्या वर्षांचा हिशोब करून मूळ किमतीचा चेक दिला, तो चेक घेताना माझे हात थरथरत होते.

तुम्ही म्हणता ते 'दोन आणा' मला पटतं. माझ्याकडून नेलेल्यांपैकी कोणी एक रिपोर्ट सुधारून परत आणून दिला असता, कोणी फोन करून अण्णा इथे व्याजात एक पैसा चुकतोय म्हटलं असतं, तरी मला इतकं लागलं नसतं. पैसे बुडण्यापेक्षा आठ वर्षं कोणी कळवलंच नाही हे जास्त लागलं.

मुक्ता_ठाणे

अण्णा, वाचून गलबलून आलं. नमस्कार तुम्हाला.

बिनतारी काका, एक विचारू का, या सगळ्या गोष्टीत बाया कुठे आहेत? गॅरेजमध्ये संध्याकाळी सातला जाऊन बसायला घरी कोणीतरी पोरं सांभाळणारं लागतं, ३९७ डॉलर हौसेवर घालवायला पगार लागतो, आणि क्लबात चिपा यायच्या त्यातल्या बऱ्याच कंपनीच्या टेबलाखालून यायच्या असंही वाचलंय. म्हणजे सगळ्यांसाठी खुला म्हटलेला क्लब मुळात सिलिकॉन व्हॅलीत नोकरी असलेल्या पुरुषांसाठी खुला होता. हे मी खोडसाळपणे म्हणत नाही, मला ती वाटून घेण्याची गोष्ट मनापासून आवडते म्हणूनच विचारतेय.

माझ्याकडून भर : लोर हार्प आणि कॅरोल एली या दोन गृहिणींनी १९७६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात व्हेक्टर ग्राफिक सुरू केली, लोरच्या नवऱ्यानं डिझाइन केलेला मेमरी बोर्ड विकायला, आणि कंपनी १९८१ मध्ये शेअर बाजारापर्यंत नेली. अल्टेअरसारख्या मशीनमध्ये बसणारेच बोर्ड होते ते.

बिनतारी

मुक्ता, अगदी बरोबर बोललीस आणि मी मूळ लेखात हे लिहायला पाहिजे होतं. पैसे, वेळ आणि ओळख तिन्ही असलेली माणसं होती ती. दार उघडं होतं पण दारापर्यंत पोचायचा रस्ता सगळ्यांना नव्हता.

सनीव्हेलकर

मी इथे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला बावीस वर्षं आहे, मेन्लो पार्क गाडीनं जवळच, आणि माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आईबाबा आले की दर वेळी नेतो. मुक्ताच्या प्रश्नाला धरून अजून एक, फेल्सेन्स्टाइनची गोष्ट क्लबच्या आधी सुरू होते. ऑगस्ट १९७३ मध्ये बर्कलीला लिओपोल्ड्स नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात जिन्याशी एक टेलिटाइप मशीन ठेवलं, कम्युनिटी मेमरी म्हणायचे. फोनच्या लाइनीनं ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं. मशीनचा खडखडाट इतका की त्यावर आवाज दाबायला खोकं बसवलेलं आणि हात घालायला भोकं. रस्त्यावरून येणारं कोणीही टाइप करू शकत होतं. करणाऱ्यांना वाटलं होतं लोक घर, गाडी शोधतील, तर लोकांनी वादक शोधले, कविता टाकल्या, आणि चांगले बेगल, म्हणजे कड्यासारखे पाव, कुठे मिळतात यावर उत्तरं दिली, त्यात एकानं लिहिलं की पूर्वी बेगल बनवणाऱ्या अमुक माणसाला फोन कर, तो बनवायलाच शिकवेल. हे ज्यांनी उभं केलं त्यात ज्यूड मिल्हन होती, ती स्वतः प्रोग्रॅमर.

मला हे क्लबपेक्षाही मोठं वाटतं कारण इथे ३९७ डॉलर लागत नव्हते, सोल्डरिंग लागत नव्हतं.

आणि फ्रेड मूर काही महिन्यांतच क्लबातून बाजूला झाला, हे जोडा. क्लबातल्यांनी कंपन्या काढल्या, पत्ते झाकून खेळायला लागले, बैठकीत 'माझ्याकडे हे आहे' म्हणणारा आता 'लवकरच विकायला येतंय' म्हणायला लागला. मूरला ते नको होतं. १९९७ मध्ये अपघातात गेला.

खेतवाडी

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला लागून वाढलो, तर आमच्याकडची बाजू. आमच्याकडे क्लब नव्हता, दुकान होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी परदेशी सॉफ्टवेअरची ओरिजिनल किंमत ऐकली तर वडिलांच्या कित्येक महिन्यांचा पगार, आणि ते इथे विकत घ्यायला मिळायचंच नाही, त्यामुळे काउंटरवरचा पोरगा वीस रुपयात फ्लॉपी भरून द्यायचा. ओंकार आणि काकांच्या दोन पिशव्यांत ही तिसरी, दुसऱ्याचं विकणं. सोकोलनं निदान पैसे घेतले नाहीत.

पण त्याच रस्त्यावर असाही दुकानदार होता की माझ्यासारख्या शाळकरी पोराला जळलेला बोर्ड फुकट द्यायचा आणि म्हणायचा काय जळलंय ते शोधून सांग मग दुसरा देतो. मी आज जे काम करतो ते त्याच्यामुळे.

गलाक्सिया_फॅन

परदेशी माल मिळत नाही म्हटल्यावर राहवलं नाही. युगोस्लाव्हियात तेव्हा ५० जर्मन मार्कच्या वरची वस्तू बाहेरून आणायला बंदी, म्हणजे स्पेक्ट्रम वगैरे घरगुती कॉम्प्युटर चोरूनच येणार. वोया अँटोनिच नावाच्या माणसानं १९८३ मध्ये सहज मिळणाऱ्या पार्टमधून झेड-८० चिपचा कॉम्प्युटर डिझाइन केला, गलाक्सिया, आणि सगळा डायग्राम मासिकाच्या खास अंकात छापून टाकला, बांधा ज्याला बांधायचाय. आठ हजाराच्या वर लोकांनी किट मागवलं! पुढचं अजून भारी, प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे म्हणजे शेवटी आवाजच ना, तर बेलग्रेड रेडिओवर झोरान मोदली आपल्या कार्यक्रमात प्रोग्रॅमचा तो किर्र आवाज प्रसारित करायचा आणि लोक घरी टेपरेकॉर्डर लावून उतरवून घ्यायचे, मग चालवून बघायचे, सुधारून परत स्टेशनला पाठवायचे. आपला रेडिओ तेव्हा घराघरात होता, असं इकडे का सुचलं नाही कोणाला याची हळहळ वाटते.

ओंकार९४

काका, दोन पिशव्यांचं पटलं. डॉम्पिअर आणि वोझ्नियाकवर माझा राग नाहीच, उलट मी रोज तयार कोडच्या ज्या लायब्ररी वापरतो त्या कोणीतरी अशाच दिलेल्या आहेत आणि खरं सांगायचं तर मी आजवर त्यात एक बगसुद्धा रिपोर्ट केलेला नाही. अण्णांचं वाचल्यावर आज दोन केले, एक महिनाभर मला माहीत होता.

अण्णा, तुमचा तो पतसंस्थेचा प्रोग्रॅम अजून आहे का? कोड बघायला आवडेल. विकत घेईन.

अण्णा_सांगली

विकत नको बाळा. फ्लॉपी कपाटात आहेत, सव्वापाच इंची, पण ड्राइव्ह कधीच गेला आणि सांगलीत २००५ चा आणि २०१९ चा पूर दोन्ही झाले, खालचं कपाट भिजलेलं. वाचतील का माहीत नाही.

बिनतारी

अण्णा, माझ्याकडे सव्वापाचचा चालू ड्राइव्ह आहे, तापकीर गल्लीतल्या एका मित्रानं बेल्ट बदलून दिलाय. पुण्याला आलात तर रविवारी सकाळी दहानंतर कधीही. फक्त एक करा, फ्लॉपीच्या खिडकीतून आतली तबकडी बोटानं न शिवता उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, तशी फ्लॉपी दुसऱ्या कुठल्या ड्राइव्हला लावू नका, हेड खराब होतं आणि मग चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात. तशाच कोरड्या कागदात गुंडाळून आणा, आपण इथे कव्हर कापून तबकडी धुऊ, मी आधी केलंय. ओंकार, तूही ये, दोन माणसं लागतात त्याला.

अण्णा_सांगली

पुढच्या रविवारी येतो. बावीस फ्लॉपी आहेत. सोबत कोऱ्याही आणतो, एक डबा.